आळ्याचं सुतक

ताई,

तुमची बाग आम्ही पाणी पाजून मारली. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते. गुलाब गेला. हिरवळीवर चकत्या पडल्यात. जास्वंद तेवढी उभी आहे, पण ती पहिल्यापासूनच निर्लज्ज, तिचं कौतुक नको. कुणी मुद्दाम केलं नाही हो. ज्यानं त्यानं प्रेमानंच केलं, आणि प्रेमानं चाललेल्या गोष्टीला नाही म्हणायची सोय नसते, म्हणून तर थांबवता आलं नाही.

हे लिहायलाही तसा मला काही अधिकार नाही. आई गेली की लेकीनं रडायचं, बायको गेली की नवऱ्यानं भिंतीला टेकून बसायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. थोरली जाऊ गेली की धाकटीनं काय करायचं, याचा कुठे रिवाज नाही. धाकटीनं चहा करायचा. आलेल्यांच्या चपला नीट लावायच्या, सतरंजी झटकायची, रात्रीच्या जेवणाला कोण कोण आहे ते मोजायचं. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला विचारायची, "दादा कसे आहेत? अस्मिता कशी आहे?" मी सांगायचे, बरे आहेत, बरी आहे. सुनंदा कशी आहे, असं एकीनंही विचारलं नाही. त्यांचं चुकलं असंही नाही. मीही दुसऱ्यांच्या घरी जाऊन असंच विचारून आले असेन.

एका घराच्या दोन मजल्यांवर आपण संसार केला. खाली तुम्ही, वर आम्ही. जिना मधला, गॅस वेगळे, पापड-कुरडया एकत्र. बाग मात्र खालच्यांची, म्हणजे तुमची. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे मेथी-कोथिंबीर लावायचं माझ्या मनात होतं. तुम्ही हिरवळ लावलीत. देवळाली कॅम्पात तुमचे वडील लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून होते, लहानपणी तुम्ही तिथल्या मेसची लॉन तारेच्या कुंपणाबाहेरून बघितलेली. आत जायला मिळालं नाही, त्याचा राग तुम्ही आमच्या मेथीवर काढलात. हे मी तुम्हाला तोंडावर म्हटलं होतं. तुम्ही हसून म्हणाला होतात, "मग? राग कुठंतरी काढावाच लागतो ना, सासूबाईंवर काढू का?"

गुलाबही तिथलाच. त्या क्वार्टरच्या कुंपणावरचा, फिक्या गुलाबी रंगाचा, गुलकंदाच्या वासाचा. वडील रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि माहेर म्हणून जी काय चीज होती ती एका ओल्या फडक्यात गुंडाळून तुम्ही एसटीनं नाशिकला आणलीत. माहेरच्या साड्या विरल्या, माहेरचे लोक गेले, तो उरला.

तुमच्या बागेत नवं झाड आलं की त्याला थेट आत प्रवेश नसे. नर्सरीतून आणलेली कुंडी आधी मागच्या न्हाणीघराशेजारी एकटी बसायची. पानं उलटी करून बघायची, खोडाच्या बेचक्यात पांढरा कापूस नाही ना, पानाखाली कोळी नाहीत ना, मातीला आंबूस वास नाही ना. महिना गेला की मगच ती इतरांच्या पंगतीत. तुम्ही त्याला सोयर म्हणायचात. "नवं बाळ आलंय, सोयर पाळायला नको?" आणि एखादं झाड कुजून गेलं की त्याचं आळं उकरून, ऊन खायला उघडं ठेवायचात, वर्षभर त्या जातीचं काही तिथे लावायचं नाही. ते सुतक. सासूबाई होत्या तोवर त्यांना हे अजिबात खपायचं नाही. "देवाधर्माची थट्टा करते," म्हणायच्या. तुम्ही म्हणायचात, "थट्टा नाही हो, ह्यानंच तर कळलं मला, सोयरसुतक कशाला असतं ते."

मला बागेतलं काही कळायचं नाही, पण मला तुमच्या उपयोगाची एक जागा होती. वरची गॅलरी. हिरवळीला रोग लागला की खाली उभं राहून दिसत नाही, पायाशी सगळं सारखंच हिरवं वाटतं. वरून दिसतं. भाकरी करपावी तशी गोल चकती, मध्ये गवत वाळकं, कडेला काळपट ओलसर रेघ. थंडीच्या दिवसांत सकाळी तुम्ही खालून हाक मारायचात, "सुनंदा, वरून बघ गं, चकती कुठं दिसते?" मी हातात चहाचा कप घेऊन सांगायची, पारिजातकाच्या अलीकडे, नळाच्या उजवीकडे. मग तुम्ही तिथे काडी रोवायचात. मी गमतीनं मुद्दाम चुकीची जागा सांगितली की तुम्हाला लगेच कळायचं, "नीट बघ, पोहे जळतील तुझे."

आणि तो बांबू. थंडीत रोज सकाळी, सूर्य वर यायच्या आत, लांब बांबू हिरवळीवर आडवा धरून तुम्ही ओढत जायचात. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दव झडलं पाहिजे, दव पानांवर बसून राहिलं की बुरशी धरते. आख्ख्या कॉलनीत हसायचे, बाई गवताला इस्त्री करते म्हणायचे. मला त्या सर्र सर्र आवाजानं जाग यायची आणि मी रोज वैतागायची. आता अलार्म लावते. त्यानं जाग येते, पण उठावंसं वाटत नाही.

दादांचं आणि माझं बोलणंही तुमच्याच मार्फत चालायचं. थोरला दीर, धाकटी भावजय. समोरासमोर उभे असलो तरी ते तुमच्याकडे बघून म्हणणार, "सुनंदाला म्हणावं, पाण्याची टाकी भरली का बघ." आणि मी तुमच्याकडे बघून सांगणार, "दादांना सांगा, भरलीय." अंबडच्या कंपनीत शंभर माणसांवर ओरडणारा माणूस, पण घरात मला हाक मारायची वेळ आली की घसा धरायचा. आपण दोघी त्यावर किती हसलोय. तुम्ही निरोप पोचवताना मध्ये स्वतःचं मीठही घालायचात. "दादा म्हणतायत, तुझी भाजी खारट झाली होती." दादा बिचारे तसं काही म्हणालेलेच नसायचे.

आता भांडणाकडे येते. ते अर्धं राहिलंय.

गाठ तुमची तुम्हीच ओळखलीत. पानं उलटी करून बघायची सवय, ती स्वतःलाही लावली होती तुम्ही. लपवली नाहीत, लांबवली नाहीत. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन डॉक्टरकडे गेलात. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, सगळं काढलंय, कडा स्वच्छ आहेत. तुम्ही अंगाला नळ्या लावलेल्या अवस्थेत माझ्याकडे बघून म्हणालात, "म्हणजे हिरव्या लाकडापर्यंत कापलं." डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. गुलाबाची फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली यायला लागली की तुम्ही तशीच छाटायचात. काळा भाग संपला तिथे नाही, त्याच्याही खाली, आतला गाभा पांढरा-हिरवा लागेपर्यंत. मग कापल्या जागेला मोरचूद-चुन्याचा लेप, आणि कात्री स्पिरिटमध्ये बुडवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायची नाही. "वेळेत ओळखलं आणि हात आखडला नाही, तर झाड वाचतं." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला, ताई. तुम्ही जितका ठेवला असेल त्याहून जास्तच.

तर सगळं वेळेत केलं आणि ते परत आलं. या वेळी यकृतात. मला अजून कळत नाही, कुणावर चिडायचं. ज्या बायका अंगावर काढतात, घरच्यांपासून लपवतात, त्यांच्यावर निदान चिडता तरी येतं. तुमच्यावर चिडायला जागाच ठेवली नव्हती तुम्ही. मग तुम्ही पुढची औषधं नको म्हणालात, आणि मला जागा मिळाली.

तुम्ही बागेत खुर्ची टाकून बसला होतात, पायांवर शाल होती. मी उभी होते. मी म्हटलं, "भुरी पडली तर ताकाची फवारणी करता. ठिपका दिसला तर पान तोडता, खाली पडलेलंसुद्धा उचलता. आणि स्वतःच्या वेळेला हात वर?"

"सुनंदा, रोग मुळाशी गेल्यावर मी औषध मारताना तू कधी बघितलंस का गं?"

"झाड वेगळं, माणूस वेगळं."

"मग मघापासून झाडांच्या गोष्टी कोण करतंय?"

मी पाय आपटत वर गेले. वरून बघितलं तर तुम्ही खुर्चीतूनच वाकून मोगऱ्याखालची पिवळी पानं वेचत होतात. त्यानंतर आपण रोज बोललो, तेल लावून तुमचे पाय चेपले मी, तुम्हाला आवडते म्हणून नाचणीची पेज केली, पण त्या विषयाला दोघींनीही परत हात लावला नाही. उत्तर मला नंतर सुचलं. अमरधामच्या बाकावर बसले होते तेव्हा सुचलं. आता त्याचा काय उपयोग.

तुम्हाला घेऊन गेले त्याच संध्याकाळी दिंडोरीच्या आत्याबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, "जिनं लावली ती गेली. आता झाडंबी तिच्यामागं वाळत्यात. लावणाऱ्यामागं झाड जातंच. पानी कमी पडू द्यायचं नाय, बरं का गं पोरींनो."

झालं. तिथून सुरू झालं. आलेल्या माणसाला आपल्या घरात काय काम असतं? सुतकाचं घर, चहापलीकडे चूल पेटत नाही, डबे शेजारचे आणून देतात. बसून बसून किती बसणार, बोलून बोलून काय बोलणार. हाताला काहीतरी हवं असतं. बाहेर नळाला पाइप जोडलेला. सकाळी आपली नणंद पाणी घालायची. दुपारी तुमच्या भिशीच्या बायका आल्या, त्यांनी घातलं. संध्याकाळी दादांचे कंपनीतले मित्र, त्यांच्यातल्या एकानं तर पाइपच्या तोंडाला अंगठा लावून गुलाबाला डोक्यावरून आंघोळ घातली आणि डोळे पुसत म्हणाला, "वहिनींचा जीव होता यांच्यावर." ऐन थंडी, ताई. या दिवसांत तुम्ही दोन-दोन दिवस पाणी द्यायचा नाहीत. द्यायचात तेही सकाळी, बुंध्याशी, पान ओलं न करता. आधी मातीत बोट घालून बघायचात, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच. आणि इथे उन्हं कलल्यावर पाण्याचा मारा. हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या, त्यांचे पाय चिखलात रुतायचे.

मी एकदा म्हटलं. खरंच म्हटलं. "पुरे आता, कालच झालंय पाणी." अस्मितानं माझ्याकडे वळून बघितलं. "काकू, आईच्या झाडांना पाणीसुद्धा नको का?" लेक म्हणतेय, त्यावर जाऊ काय बोलणार? मी चहाचे कप उचलले.

मग गुलाबाची पानं मलूल झाली. माती ओली चिंब, आणि पानं मान टाकून. हे लक्षण तुम्ही मला किती वेळा दाखवलं होतं. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढताच येत नाही, पाण्यात उभं राहून ते तहानेनं मरतं. बघणाऱ्याला वाटतं, तहानलंय. आत्याबाई म्हणाल्या, "बघा, म्या म्हनलं नव्हतं? दुख लागलंय त्याला." आणि सगळ्यांनी आणखी पाणी घातलं.

शेजारच्या शेखभाभी डबा द्यायला आल्या तेव्हा फाटकातच थबकल्या. "सुनंदा, ये क्या हाल कर दिया रे गुलाबाचा? दीदी असती तर सगळ्यांना पाइपनं मारलं असतं." मी तिथेच हसले, ताई. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. हसता हसता पदर तोंडात कोंबायची वेळ आली.

अस्मिताची कल्पना वाईट नव्हती, हे आधी सांगते. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला आईची आठवण म्हणून एक रोप द्यायचं. हल्ली सगळीकडे देतात. तुमची लेक, तिनं ठरवलं की नर्सरीतलं विकतचं नको, आईच्या माहेरच्या गुलाबाची कलमं द्यायची. आजोबांच्या दारचा गुलाब घरोघरी फुलेल. तिनं झाडाच्या जवळजवळ सगळ्या फांद्या कापल्या, काळ्या पिशव्यांत तुमच्याच आळ्यातली माती भरली आणि त्या पायऱ्यांवर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीला लोकरीची गाठ आणि तुमच्या नावाची चिठ्ठी. तुमच्याच लोकरीची, अर्ध्या राहिलेल्या स्वेटरची. मी ते बघितलं आणि मला भडभडून आलं. इतकं सुंदर सुचलं होतं पोरीला.

तेराव्याच्या आदल्या दुपारी मी पायऱ्या झाडायला गेले. पिशव्या उचलून बाजूला ठेवत होते, तर एक काडी हातात आली. मातीतला भाग काळा, बुळबुळीत. वरचा शेंडाही तांबूस काळा. दुसरी उचलली, तीही तशीच. वास घेतला. आंबूस.

मी तिथेच पायरीवर बसले. आत पुरणाची डाळ शिजायला टाकायची होती, पानं किती मांडायची ते ठरायचं होतं. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. लोकांनी पिशव्या नेल्या असत्या, आपापल्या बागेत, चांगल्या गुलाबांच्या शेजारी लावल्या असत्या. कलमं तर मेलीच असती, पण ती माती त्यांच्या आळ्यात गेली असती. पुढच्या पावसाळ्यात कुणाकुणाकडची झाडं शेंड्याकडून काळी पडायला लागली असती, आणि प्रत्येक घरात तुमच्या नावाची चिठ्ठी. तुम्ही, ज्या बाईनं शेजारणीला कढीपत्त्याची जुडी देतानाही पानं उलटून बघितली. मला ते सहन होईना. पण ते अस्मिताला सांगायचं कोणी? दादा भिंतीला टेकलेले. आमचे हे म्हणाले, "तू नको मध्ये पडू, उद्याचा एक दिवस जाऊ दे."

मी पडले मध्ये. अस्मिताला बाहेर बोलावलं. "ही देऊ नकोस गं. रोगट आहेत."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "काकू, तुम्ही पहिल्यापासून आईच्या बागेवर जळत होतात. मेथी लावायची होती ना तुम्हाला? आता लावा. आईचं काही राहूच द्यायचं नाही का?"

मेथीचं तुम्ही तिला सांगितलं होतंत, ताई? हसत सांगितलं असेल. तिनं ते तसं लक्षात ठेवलं नाही.

तुमची कात्री खिडकीत होती, तिथेच स्पिरिटची बाटली. एक काडी मधोमध उभी चिरली आणि तिच्या समोर धरली. आतला गाभा पांढरा असायला हवा. कॉफीच्या रंगाचा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसरी चिरली. तिसरी. तिनं माझ्या हातातून कात्री घेतली, मला वाटलं फेकणार. तिनं स्वतः एक निवडली, त्यातल्या त्यात हिरवी, आणि चिरली. मग आणखी एक. शेवटी ती पायरीवर बसली आणि लहानपणी बसायची तसं गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली. तेव्हाच शेखभाभी रिकामा डबा न्यायला आल्या होत्या. अस्मितानं मान वर करून विचारलं, "भाभी, आईनं तुम्हाला दिला होता ना हा गुलाब? तुमच्याकडं असेल ना?"

भाभींनी डोळ्यांना पदर लावला. "बेटा, मेरा तो कब का गया. बकरीनं खाल्ला."

दादा दारात येऊन उभे होते, कधीपासून ते माहीत नाही. पिशव्यांकडे बघितलं, चिरलेल्या काड्यांकडे बघितलं. मग अस्मिताकडे बघून म्हणाले, "काकूला म्हणावं, काय करायचं ते कर." आणि आत गेले.

मग मी केलं. काड्या बादलीत गोळा करून मागच्या अंगणात जाळल्या, माती पत्र्यावर पसरली. लोकरीचे धागे अस्मितानं आधी एकेक सोडवून घेतले, चिठ्ठ्याही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, रोगट फांदी खतात घालायची नाही, एकतर जाळायची नाहीतर घंटागाडीला द्यायची. तुम्हाला घंटागाडीला द्यायचं माझ्या जिवावर आलं. जाळताना मात्र काही वाटलं नाही, ते आधीच करून झालं होतं आपल्याकडे.

तेरावा झाला. लोक जेवले, पुरणपोळीला नावं न ठेवता जेवले, आणि रिकाम्या हातानं गेले. दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेतली. गुलाबाचं जे खोड उरलं होतं, त्याला खाली खरवडून बघितलं. हिरवं लाकूड लागलं नाही. आणखी खाली, मातीपर्यंत. नाही लागलं. मग उपटलं. फारसा जोर लावावा लागला नाही, इतकी वर्षं उभं असलेलं झाड, हातात आलं. मुळांची साल बोटांनी निघत होती. पांढरं मूळ एकही नव्हतं.

तेव्हा मला तुमचं म्हणणं कळलं. मुळाशी गेल्यावर औषध मारायचं नसतं, थांबायचं असतं. झाडाच्या बाबतीत मी हरले, ताई, मान्य. पण माझं उत्तर ऐका. तुम्ही झाड उपटायचात ते शेजारची झाडं वाचावीत म्हणून. तुम्ही थांबलात त्यानं कोण वाचलं, ते मला सांगा. दादा वाचले? दुपारभर तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसतात. अस्मिता वाचली? जाताना तुमची लोकर पर्समध्ये घालून घेऊन गेली, विणता तिला येत नाही. हॉस्पिटलच्या फेऱ्या वाचल्या आमच्या, एवढंच. त्या मी आनंदानं केल्या असत्या. बागेच्या बाबतीत तुमचं कधी चुकलं नाही, म्हणून इथेही चुकलं नसेल, असं मी मानणार नाही. आणि तुम्ही बरोबरच असाल, तर ते मला माहीत करून घ्यायचं नाही.

आळं उघडं ठेवलंय. ऊन खातंय. वर्षभर तिथे काही लावायचं नाही, तुमचाच नियम. आपल्याकडे वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, त्यालाही नाही. लोक विचारतात, तिथे आता काय लावणार. मी म्हणते, सुतक आहे. एकदोघांना वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. आता वहिनी वरून बघत असतील, असंही कुणीतरी म्हणालं. वरून बघायचं काम माझं होतं, हे त्यांना काय माहीत.

आज सकाळी अलार्मच्या आधी जाग आली. सर्र सर्र आवाज. मी तशीच गॅलरीत धावले. खाली दादा होते, मफलर गुंडाळून, तुमचा बांबू धरून. चुकीचा धरला होता, एका टोकाला, झाडू धरावा तसा, आणि मध्येमध्ये उचलत होते. अर्ध्या हिरवळीवर दव तसंच. ते थांबले, वर बघितलं. मला वाटलं, आता आत जातील. त्यांनी घसा खाकरला. मग आणखी एकदा.

"सुनंदा," दादा म्हणाले, "वरून बघ बरं, कुठं राहिलंय?"

मी कठडा धरला. मग सांगितलं, "पारिजातकाच्या अलीकडे, दादा. आणि मधोमध धरा, उचलू नका, जमिनीवरूनच ओढा." ते तसं ओढत गेले. मी वरून बघत राहिले. आमच्या दोघांच्या मध्ये निरोप पोचवायला कुणी नव्हतं, ताई.